जाहीरनाम्यात नसलेला शब्द

अमेरिकेने १८१२ मध्ये ब्रिटनविरुद्ध युद्ध का पुकारले, हे सांगताना बहुतेक जण १८०७ पासून सुरुवात करतात: व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश युद्धनौकेने अमेरिकी जहाजावर केलेला तोफांचा मारा आणि उचलून नेलेले चार खलाशी. या भांडणाचे मूळ १७९३ मध्ये आहे.

त्या फेब्रुवारीत फ्रान्स ब्रिटनशी युद्धात उतरला. १७७८ च्या तहाने अमेरिका फ्रान्सला बांधलेली होती. पण तिची तिजोरी चाले आयात मालावरच्या जकातीवर, आणि तो माल बहुतांश ब्रिटिश. २२ एप्रिलला पहिल्या अध्यक्षांनी काढलेल्या जाहीरनाम्याला ‘तटस्थतेचा जाहीरनामा’ म्हणतात, पण मजकुरात तो शब्दच नाही. दोन्ही बाजूंशी मैत्रीने आणि निःपक्षपातीपणे वागावे, असे त्यात म्हटले आहे. शब्द गाळला गेला तो परराष्ट्रमंत्र्यांच्या आग्रहामुळे. त्यांचा मुद्दा असा: युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा. मग युद्धात पडायचे नाही, हे अध्यक्ष एकटे कसे ठरवणार? आक्षेप वजनदार होता. तरी जाहीरनामा काढण्याचा अध्यक्षांचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल: काँग्रेसचे अधिवेशन संपलेले होते आणि नवा फ्रेंच दूत चार्ल्स्टनला उतरून ब्रिटिश जहाजे लुटण्यासाठी खासगी जहाजे सज्ज करत होता.

अशाच एका जहाजावर चाकरी केलेल्या अमेरिकी खलाशावर फिलाडेल्फियात खटला झाला. जुरीने त्याला सोडले, कारण त्याने मोडलेला कायदा दाखवता येईना. तसा कायदा १७९४ मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेचा दूत लंडनमध्ये ब्रिटनशी तहाची बोलणी करत होता. तो तह सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे जेमतेम दोन-तृतीयांशाने, मंजूर केला. शत्रूशी झालेल्या या तहाने फ्रान्स इतका चिडला की १७९८ पासून दोन वर्षे दोन्ही देशांत समुद्रावर अघोषित युद्ध चालले.

तो शब्द गाळायला लावणारे परराष्ट्रमंत्रीच पुढे तिसरे अध्यक्ष झाले. डिसेंबर १८०७ मध्ये त्यांनी स्वतःच्याच देशाची बंदरे परदेशी व्यापाराला बंद केली. अमेरिकी जहाजांना त्रास देणारे ब्रिटन-फ्रान्स वठणीवर येतील ही आशा फोल ठरली. एका वर्षात निर्यात सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून २.२ कोटींवर आली, अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडचे खलाशी आणि व्यापारी देशोधडीला लागले. मार्च १८०९ मध्ये, पद सोडण्याच्या तीन दिवस आधी, त्यांनीच बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. ब्रिटिश नौदल अमेरिकी जहाजांवरून खलाशी पळवतच राहिले आणि जून १८१२ मध्ये चौथ्या अध्यक्षांच्या काळात युद्ध आले.

डिसेंबर १८१४ मध्ये आजच्या बेल्जियममधील गेंटला ते युद्ध संपवणारा तह झाला. खलाशी पळवण्याबद्दल त्यात एकही कलम नाही.