डिफरन्शियलच्या दातांवरचं गंधकाचं चिलखत

‘सिंथेटिक टाका, बाकी काही बघू नका’ असा सल्ला डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या दातेरी चाकांच्या संचाच्या, तेलाबाबत सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. सिंथेटिक असतं ते मूळ तेल. दात वाचवतात ती त्यात मिसळलेली रसायनं.

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक मोटारींत पिनियन (ताकद आत आणणारं छोटं दातेरी चाक) क्राउन व्हीलच्या (त्यानं फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यामुळे ताकद मागे आणणारा प्रॉपेलर शाफ्ट खाली जातो आणि गाडी बुटकी करता येते. पण इथे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेनं घासतातही. प्रचंड दाबाखाली घासताना तेलाचा आधीच अतिशय पातळ असलेला थर जागोजागी फाटतो. पोलादाचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात, क्षणभर वेल्ड होतात आणि ओरबाडून तुटतात.

खरी गंमत इथेच आहे. तेलातली गंधक आणि फॉस्फरसची संयुगं एरवी बऱ्यापैकी स्वस्थ असतात. घर्षणानं एखादा ठिपका भडकला की तिथेच ती फुटतात आणि लोखंडाशी संयोग पावून सल्फाइड-फॉस्फेटचा अतिपातळ लेप तयार करतात. हा लेप पोलादापेक्षा सहज कातरला जातो. झिजतो तो लेप, दात शाबूत राहतो. लेप गेला की पुन्हा नवा धरतो. म्हणजे संरक्षण कुठे हवं हे उष्णताच ठरवते! डिफरन्शियलचा प्लग (तेलाचं बूच) उघडल्यावर येणारा तो उग्र दर्प या गंधकाचाच.

गिअर ऑइलच्या ‘जीएल’ वर्गवारीतल्या जीएल-५ तेलात ही रसायनं भरपूर, जीएल-४ मध्ये बरीच कमी. हायपॉइडला सहसा जीएल-५च लागतं. मात्र काही गंधकसंयुगं तांब्याच्या मिश्रधातूंना खातात, म्हणून पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या गिअरबॉक्समध्ये मॅन्युअल न बघता तेच तेल ओतू नये.

मग सिंथेटिकचा फायदा काय? पीएओ या सिंथेटिक मूळ तेलाचे रेणू बरेचसे एकसारखे असतात आणि त्यात मेण नसतं. त्यामुळे ते कडाक्याच्या थंडीत वाहतं, तापल्यावर कमी पातळ होतं आणि उशिरा सडतं. जड ट्रेलर ओढणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. डब्यावरच्या ७५डब्ल्यू-९० या घट्टपणाच्या ग्रेडमधल्या ९० ला मात्र दचकू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला हे तेल इंजिनच्या ४० किंवा ५० ग्रेडइतकंच घट्ट असतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमध्ये (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणाऱ्या) क्लच प्लेट असतील तर फ्रिक्शन मॉडिफायरही (प्लेटमधलं घर्षण जुळवणारं रसायन) लागतो. घर्षण ‘जवळपास शून्य’ करणाऱ्या जादुई बाटल्या दुकानातच राहू द्या.

तेल बदलताना आधी भरायचा प्लग सुटतोय ना ते पाहा, मगच खालचा काढा. नाहीतर तेल बाहेर आणि वरचा प्लग गंजून घट्ट, अशी पंचाईत होते. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा दिसणं नेहमीचंच आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर डिफरन्शियल उघडावंच लागेल, तेल कितीही महागाचं भरा.