बांगडा खोल गेला, रानजायफळ कुठं जाणार?

हवामान तापलं की सजीव उत्तरेकडे सरकतात, असं सरसकट सांगितलं जातं. गोव्यात ते अर्धंच लागू पडतं.

तारल्यांना (सार्डिन माशांना) ते लागू पडतं. 1985 पूर्वी हा मासा मुख्यतः 8 ते 14 अंश उत्तर अक्षांशांदरम्यान, केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत मिळायचा. गोवा त्या पट्ट्याच्या जेमतेम वर. पुढच्या दोन दशकांत 14 अंशांच्या उत्तरेलाही तारले भरपूर मिळू लागले. त्यांना 27 ते 29 अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. उत्तरेचं पाणी पूर्वी थंड पडायचं, ते आता सोसू लागलं. म्हणजे तारले पळाले नाहीत, पसरले. मात्र केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन मिळालेले तारले 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले, त्याचं खापर एकट्या तापमानावर फोडता येणार नाही. एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याची घटना) आणि पिल्लांची बेसुमार मासेमारी हीसुद्धा कारणं आहेत.

बांगड्यानं खाली जायची वाट धरली. 1985-89 मध्ये देशातल्या एकूण बांगड्यापैकी 2 टक्केच तळातून ओढणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात यायचा; 2003-07 मध्ये तो वाटा 15 टक्क्यांवर गेला. वरचं पाणी तापलं म्हणून मासा खोल उतरला, असा केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासकांचा निष्कर्ष. ट्रॉलर तिथवर पोचतो, काठावरून ओढायचं रापण हे जाळं पोचत नाही. शिवाय खोलीलाही मर्यादा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्याजवळ तळाचं पाणी प्राणवायूविना जवळजवळ गुदमरलेलं असतं. वर ऊन, खाली घुसमट, आणि मधला थर तेवढा माशाचा.

जमिनीवर आपल्या अक्षांशांत शंभर-दीडशे किलोमीटर उत्तरेला जाऊन गारवा फारसा मिळत नाही. उंचीनं मिळतो: दर 150-160 मीटरला साधारण एक अंश. पण गोव्यातला सह्याद्री हजार मीटरच्या आसपास संपतो. केरळात अनाईमुडी 2,695 मीटर आहे, तिथल्या जिवांना चढायला जागा उरते. आपल्याकडे माथा लवकर येतो.

आणि रानजायफळाच्या दलदलीला तर चढताही येत नाही. सत्तरी तालुक्यात बांबरची निरंकाराची राई (देवराई) बघावी. बारमाही झऱ्याच्या पाण्यात उभी झाडं, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. ही मुळं झाडाला हवा पुरवतात, त्यामुळे गाळानं बुजली की झाड मरायला लागतं. झरा एप्रिल-मेमध्ये आटला, किंवा वरच्या अंगाला कुळागरासाठी (सुपारी-नारळाच्या बागेसाठी) वळवला, तरी तेच. बी मोठं, जड. धनेशासारखा पक्षी गिळून नेईल तेवढंच लांब जाणार, आणि पडलेल्या जागी ओल नसेल तर रुजणार नाही.

ते साठवूनही ठेवता येत नाही, वाळलं की मरतं. रोपं करायची तर पडलेलं ताजं बी लगेच सावलीत, ओल्या मातीत लावावं, आणि रोपं लावण्याची जागा मे महिन्यात बघून ठरवावी. तेव्हा जिथं पाणी वाहतं, तिथंच ती तगतील.