आखाजी

आखाजी : वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजेच अक्षय्य तृतीयेला, खानदेशात साजरा होणारा सण. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे आणि लगतचा मालेगाव-बागलाणचा अहिराणी पट्टा यांत त्याचा मान दिवाळीच्या तोडीचा. शहरी बाजारात या दिवशी सोन्याचा मुहूर्त गाजतो. खानदेशी घरात मात्र आधी पितरांचे ऋण आठवले जाते.

सणासाठी कुंभाराकडून मातीची नवी घागर आणतात. ती पाण्याने भरून तिच्या तोंडावर लहान मडके आणि त्यावर खरबूज ठेवतात; सोबत आंबे आणि सांजोऱ्या असतात. सकाळी उंबरठा पुसून त्याची पूजा होते. घरातले जाणते माणूस कुंकवात बोट बुडवते, गेलेल्या एकेकाचे नाव घेते आणि प्रत्येक नावामागे उंबरठ्यावर कुंकवाचे एक बोट ओढते. आजा, पणजा, आजी, अकाली गेलेला चुलता. ज्यांचा फोटो कुठे नाही, त्यांचीही नावे घरातली पोरे अशी वर्षातून एकदा तरी ऐकतात. पूर्वजांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची याहून साधी आणि नेमकी रीत क्वचितच आढळेल.

दुपारी चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप सोडून पितरांच्या नावाने घास टाकतात. याला आगारी टाकणे म्हणतात. पितर म्हणून एखाद्याला मानाने जेवायला बोलावतात. ताटात खापरावरची पुरणपोळी, आमरस, सार-भात, कुरडया. वर्षभरात घरात कोणी गेले असेल, तर त्या पहिल्या घागरीला भाऊबंद आवर्जून येतात. नैवेद्याइतकाच मान इथे पाण्याला आहे, आणि त्याचे कारण ऋतूत आहे: जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत गार पाण्याची भरली घागर हेच मोठे दान.

रब्बीचा माल घरात आलेला, खरिपाची पेरणी अजून लांब; शेतीच्या याच उसंतीत सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल संपते. वर्षभर बैल, पाणी, राखण सांभाळणाऱ्या सालदाराचा हिशेब आखाजीला होतो आणि पुढचे सालही याच सुमारास ठरते. पितरांपुढे हात जोडणाऱ्या मालकाने हा हिशेब चोख करणे, हीही सणाचीच बाजू मानायला हवी. उपकाराची जाण मेलेल्यांपुरती ठेवून चालत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून सालदारकी बरीच आटली आहे.

लेकींसाठी हा माहेरचा सण. भाऊ घ्यायला जातो. सासरी उन्हातान्हात राबलेली बहीण माहेरी आली की तिला कामाला हात लावू देत नाहीत. लिंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, मुली गौराई मांडतात आणि अहिराणी गाणी म्हणतात. सासरची बोच, भावाची माया, आईची आठवण हे सारे त्या गाण्यांत मोकळेपणाने येते. वर्षभर जे बोलता येत नाही ते झोक्यावर गाता येते. पुरुष मंडळी पारावर किंवा ओट्यावर पत्ते मांडतात. गौराईचे विसर्जन वाजतगाजत नदीवर होते, आणि मग लेकींच्या पाठवणीच्या पिशव्यांत सांजोऱ्या, कुरडया, पापड भरले जातात.