दुःखाचं पुस्तक आणि नव्या आईचं पुस्तक

घरातलं कुणी गेलं किंवा बाबांनी दुसरं लग्न केलं, की मुलासाठी चित्रपुस्तक शोधणारे पालक आता गोव्यातही भेटतात. फार चांगली गोष्ट आहे. पण ही दोन्ही पुस्तकं बहुधा एकाच कप्प्यात ठेवलेली असतात आणि एकाऐवजी दुसरं सहज हातात येतं. आई जाऊन वर्षही झालेलं नसताना नव्या आईचं गोड पुस्तक मिळालं, तर मूल त्यातून एवढंच ऐकतं, की आता रडणं पुरे. उलट नवी आई घरात वावरू लागल्यावर फक्त मृत्यूचंच पुस्तक वाचत राहिलो, तर तेव्हा त्याच्या मनात घोळणारा प्रश्न तसाच राहतो.

मृत्यूवरच्या पुस्तकाला आधी एक गोष्ट स्पष्ट सांगावी लागते: गेलेलं माणूस परत येत नाही. मुलांना मृत्यू कितपत कळतो, यावरच्या तोवरच्या अभ्यासांचा मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या संशोधकांनी १९८४ मध्ये आढावा घेतला. मृत्यू परतवता येत नाही, त्यानंतर शरीराचं सगळं काम थांबतं आणि तो प्रत्येकाला येतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे बालवाडीतल्या मुलाकडून ती समज गृहीत धरता येत नाही. गोव्यात त्यात आणखी एक पेच आहे. इथल्या कितीतरी घरांतले बाबा जहाजावर असतात. महिनोन्‌महिने दिसत नाहीत आणि मग एक दिवस दाबोळी विमानतळावर उतरतात, बॅगेत चॉकलेटं घेऊन. अशा घरात ‘आजोबा लांब गेले’ म्हटलं, तर मूल त्यांच्याही परतीची वाट बघणार. म्हणून ढगात किंवा ताऱ्यात जाऊन बसलेल्या आजीची पुस्तकं अगदी लहानांना द्यायला मी कचरते.

चांगलं पुस्तक दुःख लवकर आवरत नाही. इंग्रज लेखक मायकेल रोझेन यांचा अठरा वर्षांचा मुलगा अचानक गेला, त्यावर त्यांनी २००४ मध्ये चित्रपुस्तक लिहिलं. चित्रं क्वेंटिन ब्लेक यांची. सुरुवातीच्याच चित्रात एक माणूस तोंडभर हसतोय आणि शेजारचा मजकूर सांगतो, की हा दुःखी आहे, आनंदी असल्याचं दाखवतोय. शाळेत नीट वागणाऱ्या आणि घरी उशीत तोंड खुपसणाऱ्या मुलाला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

सावत्र पालकावरच्या पुस्तकातली गाठ वेगळी आहे. हिच्या हातचं आवडीने जेवलो, तर माझ्या आईला वाईट वाटेल का? मूल हे बोलत नाही, ताट सरकवून ‘भूक नाही’ म्हणतं. त्यात आपण त्याच्या कानांवर आधीच काय काय घातलेलं असतं! ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची त्याला ठाऊक असते, हिमगौरीची सावत्र आईही. खरं तर ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आईच होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. नव्या पुस्तकाला या साऱ्या गोष्टींशी झुंजायचं असतं. तरीही तीन पानांत गळ्यात गळा घालणारं पुस्तक खोटंच वाटतं. सावत्र कुटुंबांवर आयुष्यभर काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाउ सांगतात, की अशा घराची घडी बसायला वर्षं लागतात. ‘आई’ म्हणायला लावून संपणारं पुस्तक मी बाजूला ठेवते. मूल तिला मावशी म्हणेल, काकी म्हणेल, ते त्याला ठरवू द्यावं.

निवडताना मी शेवटची पानं आधी उघडते आणि भिंत बघते. आपल्याकडे बाबांचं दुसरं लग्न ठरलं, की हॉलमधला गेलेल्या आईचा हार घातलेला फोटो कुणीतरी गुपचूप आतल्या खोलीत नेतं. ती रिकामी जागा सगळ्यांत आधी मुलाच्या लक्षात येते. चित्रात तो फोटो, तिची साडी, तिने लावलेली अबोली कुठेतरी उरली असेल, तर पुस्तक घ्यावं. गेलेल्या माणसाशी नातं तोडणं म्हणजे सावरणं नव्हे, हे क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी १९९६ मध्ये सविस्तर मांडलंच आहे.

आणखी एक घोटाळा टाळायला हवा. सावत्र पालकांवरची इंग्रजीतली बरीचशी पुस्तकं घटस्फोटानंतरच्या घरांची आहेत: दोन घरं, दोन टूथब्रश, शनिवारी बाबांकडे. आई वारलेल्या मुलाला दुसरं घर नसतंच. त्याला असं पुस्तक देणं क्रूरपणाचं होईल. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बालविभाग आहे. तिथे किंवा कुठेही विचारताना कोण गेलं, केव्हा, आता घरात कोण आलंय आणि मूल किती वर्षांचं, हे सगळं सांगावं.

वाचून कोण दाखवतं, यानेही फरक पडतो. नव्या आईचं पुस्तक तिनेच वाचलं, तर ती स्वतःचीच बाजू मांडतेय असं मुलाला वाटतं. ते बाबांनी किंवा आजीने वाचावं, हवं तर कोंकणीत सांगत. गेलेल्या आईच्या दुःखाचं पुस्तक मात्र, मूल स्वतःहून शेजारी येऊन बसू लागलं की, नव्या आईने जरूर वाचावं.