शाळेचंच नाव पटावरून काढायचं झालं तर

मुलाचं नाव पटावरून कमी होतं, हे आपल्या ओळखीचं आहे. इंग्लंडच्या कायद्यात शाळेचंही नाव पटावरून कमी होऊ शकतं. तिथल्या खासगी शाळा सरकारी पैशांवर चालत नाहीत, त्यामुळे अनुदान बंद करण्याचा धाक त्यांना दाखवता येत नाही. सरकारच्या हातात राहतं ते मुख्य हत्यार म्हणजे नोंदवहीतून नाव काढून टाकणं. नाव गेल्यावर शाळा चालू ठेवली तर तो गुन्हा. याविरुद्ध दाद कुठे मागायची हे गेल्या ऐंशी वर्षांत बदललं. पण त्याहून मोठा बदल वेगळा आहे: आधी मंत्र्याला शाळेविरुद्ध तक्रारदार म्हणून उभं राहावं लागायचं, आता शाळेला मंत्र्याच्या निर्णयाविरुद्ध उभं राहावं लागतं.

१९४४ पूर्वी तिथे कुणीही घर भाड्याने घेऊन शाळेची पाटी लावू शकत होतं. या मोकळीकीबद्दल कुरबुर बरीच होती. १९३२ मध्ये एका सरकारी समितीने अशा शाळांविषयी अहवालही दिला, पण कायदा व्हायला तेव्हाचे शिक्षणमंत्री बटलर यांचा १९४४ चा शिक्षण कायदा यावा लागला. त्याच्या तिसऱ्या भागात खासगी शाळांची नोंदणी आली. सक्तीच्या शिक्षणाच्या वयाची पाच मुलं जिथे पूर्णवेळ शिकतात ती शाळा, अशी व्याख्या होती. पाचच! म्हणजे दिवाणखान्यात भरणारा वर्गसुद्धा कक्षेत आला. मात्र युद्धानंतर ना पुरेसे निरीक्षक होते ना धड इमारती, आणि हा भाग प्रत्यक्ष लागू झाला तो ३० सप्टेंबर १९५७ रोजी.

त्या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. शिक्षणमंत्री शाळेला तक्रारीची नोटीस देत. कारणं चारच असू शकत: इमारत अयोग्य, जागा अपुरी किंवा गैरसोयीची, मुलांच्या वयाला साजेसं आणि परिणामकारक शिक्षण मिळत नाही, किंवा शाळेचा चालक वा शिक्षक त्या कामाला लायक नाही. दोष दुरुस्त होण्यासारखे असतील तर नोटिशीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत द्यावी लागे. संस्थाचालकाला नोटीस मान्य नसेल, तर त्याने ती ‘स्वतंत्र शाळा न्यायाधिकरणा’पुढे न्यायची. तिथे अध्यक्ष कायद्याचा जाणकार आणि दोन सदस्य शिक्षणक्षेत्रातले. सरकारी खात्यातला अधिकारी त्यात बसू शकत नव्हता. न्यायाधिकरण तक्रार रद्द करू शके, शाळेचं नाव काढू शके, किंवा अमुक सुधारणा अमुक मुदतीत झाल्या नाहीत तरच नाव काढा असं सांगू शके. शाळेने एकदा न्यायाधिकरण गाठलं की आरोप सिद्ध करण्याचं काम मंत्र्यांचं.

‘परिणामकारक आणि साजेसं’ म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलंच नाही. माझ्या मते या कायद्याचं सगळं बळ या मोघमपणात होतं, आणि सरकारची सगळी अडचणही. १९७८ पर्यंत ‘कार्यक्षम म्हणून मान्यताप्राप्त’ असा एक वरचा दर्जाही शाळांना मिळे. तो बंद झाला आणि फक्त नोंदणी उरली.

त्या दोन शब्दांची कसोटी १९८५ मध्ये लागली. तालमूद तोरा माखझिकेई हदास या हसिदी, म्हणजे कर्मठ धार्मिक पंथाच्या, ज्यू शाळेला आलेल्या नोटिशीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती वूल्फ यांनी मांडलेला निकष पुढे वारंवार उद्धृत झाला: मूल ज्या समाजात वाढतं त्या समाजातल्या जगण्यासाठी शिक्षणाने त्याला तयार केलं तरी ते साजेसं ठरू शकतं, फक्त मोठेपणी वेगळा मार्ग धरायचा झाला तर ती वाट त्याच्यासाठी बंद होता कामा नये.

मग आलं समरहिल. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनजवळ सुरू केलेली ही शाळा १९२७ पासून सफक परगण्यातल्या लीस्टन गावात आहे. तिथे तासाला बसायचं की नाही हे मूल ठरवतं आणि शाळेचे नियम सगळ्यांच्या सभेत मतदानाने ठरतात. त्या सभेत सहा वर्षांच्या मुलाचं मत आणि शिक्षकाचं मत सारखंच. १९४९ मध्ये आलेल्या सरकारी निरीक्षकांनी उणिवा दाखवल्या होत्या, पण इथे एक मोलाचा शैक्षणिक प्रयोग चालला आहे असंही नोंदवलं होतं. पन्नास वर्षांनी, मार्च १९९९ मध्ये ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेचे निरीक्षक आले तेव्हा सूर पार बदललेला होता. त्या अहवालानंतर शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांच्या खात्याने तक्रारीची नोटीस बजावली. तासाला बसणं ऐच्छिक असल्याने मुलांचं शिकणं नियमित होत नाही, हा तिचा गाभा. शिवाय मुलगे, मुली आणि मोठी माणसं एकच शौचालयं वापरतात, हाही एक मुद्दा होता. (एकीकडे शिक्षणाचं तत्त्वज्ञान आणि दुसरीकडे संडास, हे एकाच नोटिशीत!)

शाळेने माघार घेतली नाही. तासांबद्दलची मागणी मान्य केली असती तर नोंदवहीत नाव राहिलं असतं, पण समरहिल उरलं नसतं. मार्च २००० मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये न्यायाधिकरणाची सुनावणी सुरू झाली. शाळेची बाजू वकील जेफ्री रॉबर्टसन मांडत होते. सुनावणीत उघड झालं की ‘लक्ष ठेवायच्या’ ६१ शाळांची एक यादी खात्याने गुपचूप ठेवली होती आणि समरहिल त्यात होतं. त्यापुढे सरकारी बाजू डळमळली आणि काही दिवसांतच तडजोडीचा मसुदा पुढे आला. तो स्वीकारायचा की नाही हे मुख्याध्यापिका झोई रेडहेड, म्हणजे नील यांची मुलगी, एकट्या ठरवणार नव्हत्या. मुलांनी न्यायालयाच्या दालनातच शाळेची सभा भरवली, चर्चा केली, मतदान घेतलं आणि मग होकार दिला. नोटीस रद्द झाली. पुढच्या तपासण्यांत शाळेचं तत्त्वज्ञान आणि मुलांचं म्हणणं विचारात घ्यायचं, हेही ठरलं.

हे समरहिलपुरतं झालं. मागच्या बाजूला कायदा बदलत होता आणि दोनच वर्षांत, २००२ च्या शिक्षण कायद्याने, जुना ढाचा मोडीत निघाला. चार कारणांच्या जागी सविस्तर मानकं आली. शाळेने ती पाळली नाहीत तर मंत्री सुधारणेचा आराखडा मागवणार, तो फसला की नाव काढण्याचा निर्णय मंत्रीच घेणार, आणि शाळेने त्यावर अपील करायचं. १९५७ पासूनचं न्यायाधिकरण गेलं. सप्टेंबर २००३ पासून ही अपिलं देखभाल मानक न्यायाधिकरणाकडे आली, म्हणजे वृद्धाश्रम आणि बालगृहं यांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे. २००८ च्या अखेरीस तेही नव्या ‘प्रथम स्तर न्यायाधिकरणा’त विलीन झालं. तिथल्या आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवा कक्षापुढे आजही ही प्रकरणं चालतात.

मानकांची सध्याची यादी २०१४ ची आहे. तिचे आठ भाग आहेत: शिक्षणाचा दर्जा, मुलांचं नैतिक आणि सामाजिक घडणं, सुरक्षितता, कर्मचाऱ्यांची पडताळणी, इमारत, पालकांना द्यायची माहिती, तक्रारनिवारण आणि नेतृत्व. शौचालयांचाही नियम आहे: आठ वर्षं आणि त्यावरच्या मुलामुलींना वेगळी सोय हवी, पण आतून कडी लागणारी, एकावेळी एकाच मुलाने वापरायची खोली असेल तर सूट. समरहिलच्या नोटिशीतला वाद आता कडीवर मिटू शकतो. अशी यादी संस्थाचालकाला सोयीचीही असते, कारण नेमकं काय करायचं ते कळतं. गमावलं जातं ते वेगळंच. ‘हे शिक्षण आमच्या मुलांना साजेसं आहे’ हा युक्तिवाद १९८५ मध्ये प्रकरणाच्या केंद्रस्थानी होता. आता तो कुठल्या तरी मानकाच्या कलमात बसवून मांडावा लागतो. १९४९ च्या निरीक्षकांसारखं कौतुक आज कुणी नोंदवलं, तरी एखादं मानक पाळलं न गेल्याची नोंद त्याने पुसली जात नाही.

अपिलाची आजची वाट २००८ च्या शिक्षण व कौशल्य कायद्यातून जाते. त्यातली ही कलमं इंग्लंडमध्ये २०१५ पासून लागू आहेत. मंत्र्यांपुढे नाव काढण्याखेरीज मधला पर्यायही आहे: नवे प्रवेश बंद करणं किंवा इमारतीचा काही भाग वापरायला मनाई करणं. निर्णय कळल्यापासून २८ दिवसांत अपील करायचं. न्यायाधिकरण निर्णय कायम करू शकतं, रद्द करू शकतं किंवा नाव काढण्याऐवजी सौम्य बंधन घालू शकतं. अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील केलं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, नाव निघत नाही. तोवर शाळा भरते, फी घेतली जाते, आणि मुलाला तिथेच ठेवायचं की हलवायचं हे पालकांना निकालाची वाट न पाहता ठरवावं लागतं. याला अपवाद एकच. मुलांना गंभीर धोका असेल तर मंत्री थेट दंडाधिकाऱ्याकडे जाऊन तातडीचा आदेश मागू शकतात. तो मिळाल्याबरोबर लागू होतो, आणि त्याविरुद्धचं अपीलही याच न्यायाधिकरणाकडे जातं.