आठवड्यातून एक दिवस तालीम, तरी ताकद शाबूत

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी जोरात आली की तालमीतली वर्दळ ओसरते. दिवसभर घड वाहिलेल्या पोराच्या अंगात संध्याकाळी जोर-बैठका काढायचं त्राण उरत नाही. कपाशीच्या वेचणीतही तेच. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांवर गेला की जिमवाल्यांचेही खाडे सुरू होतात. चार खाडे पडले की 'आता काय उपयोग' म्हणत व्यायाम साफ सुटतो, आणि खरं नुकसान होतं ते त्यानंच. कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्यापेक्षा फार कमी कष्ट लागतात.

अमेरिकेत बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातला एक प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 20 ते 35 आणि 60 ते 75 या वयोगटांतल्या 70 जणांनी 16 आठवडे, आठवड्यातून 3 दिवस पायांचे वजनी व्यायाम केले. प्रत्येक प्रकाराचे 3 सेट, म्हणजे न थांबता केलेल्या आवर्तनांच्या 3 फेऱ्या. पुढचे 32 आठवडे काहींनी व्यायाम बंद ठेवला, काहींनी आठवड्यातून एकच दिवस केला, तर काहींनी त्या एका दिवशीही प्रत्येकी एकच सेट मारला, म्हणजे मूळ व्यायामाचा जेमतेम नववा हिस्सा! तरीही तरुण आणि वयस्कर, दोघांचीही ताकद बऱ्यापैकी टिकली.

मात्र उचलायचं वजन कमी करायचं नाही. वेळ नसला की बरेच जण रोज थोडं हलकं काहीतरी करत राहतात, आणि ताकद टिकवायला ते पुरत नाही. खांद्यावर 60 किलो घेऊन बैठका मारणाऱ्यानं दिवस घटवावेत, सेट घटवावेत. बारवर 60 किलोच ठेवावेत.

हे जमतं कसं? नव्या पैलवानाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्यानं वाढते, पण दंड तेवढे फुगत नाहीत. तेव्हा मुख्यतः मज्जासंस्था शिकत असते: स्नायूतले जास्तीत जास्त तंतू एकाच वेळी कामाला कसे जुंपायचे, हे. ही शिकवण सहजासहजी पुसली जात नाही; अधूनमधून जड वजनाची उजळणी मिळाली की भागतं.

वेगाचं गणित थोडं निराळं. झटका म्हणजे जोर गुणिले वेग. तो देणारे जलद तंतू जड किंवा वेगवान हालचालीतच पुरते जागे होतात. नॉर्वेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंनी हंगामात आठवड्याला एकदा वजनी व्यायाम केला, तेव्हा पायांची ताकद आणि धाव दोन्ही टिकली. पंधरवड्यातून एकदा करणाऱ्यांची दोन्ही घसरली. म्हणून त्या एका दिवसात थोड्या उड्या किंवा छोटी धाव हवीच.

साठीपुढच्यांना मी एका दिवसावर थांबायला सांगणार नाही. अलाबामाच्या प्रयोगात वयस्करांची ताकद राहिली, पण स्नायूंचे तंतू बारीक होत गेले. शिवाय वयानुसार झटका ताकदीच्या आधी ओसरतो. शेताच्या बांधावर आजीचा पाय अडखळला, तर दुसरा पाय क्षणार्धात पुढे पडावा लागतो. सावकाश लावलेला जोर तिथे कामाचा नाही. त्यांनी आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीवरून हात न टेकता झटकन उठावं, सावकाश बसावं. सुरुवातीला शेजारी भिंत असावी, आणि गुडघे दुखत असतील तर खुर्ची थोडी उंच घ्यावी.