शंभर वर्षांची रेषा आणि जुना बाजार

मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार समजून घ्यायचा असेल, तर त्या-त्या काळात लोकांच्या घरांतून काय बाहेर पडत होते ते आधी पाहावे लागते. इथला विक्रेता माल बनवत नाही, मागवूही शकत नाही. कुणाचे घर पडते, कुठली गिरणी बंद होते, कुठले भांडे स्वयंपाकघरातून हद्दपार होते, त्यावर त्याची वर्षे ठरतात. चोरबाजाराच्या नावाची कथा सर्वांना ठाऊक आहे. गोदीतला माल, साहेब लोक मायदेशी परतताना होणारे लिलाव, हा आरंभीचा भागही अनेकदा सांगून झाला आहे.

खरी भर पडली ती स्वातंत्र्यानंतर. स्टेनलेस स्टील घरोघरी आले तशी तांब्या-पितळेची भांडी मोडीत जाऊ लागली. हंडे, घंगाळी, बंब, पानाचे डबे किलोवर विकले गेले आणि बहुतेक वितळले. मोडीच्या ढिगातून चार नग बाजूला काढून ठेवणारा माणूस तेव्हा वेडा ठरत असे. काय ठेवायचे हे मात्र त्याला नेमके कळत होते. हाताने ठोकलेल्या जुन्या भांड्याचा दातेरी सांधा बोटाला लागतो. काठाखाली टिंबा-टिंबांनी टोचलेले नाव असते आणि पुष्कळदा लग्नाचे किंवा मुंजीचे सालही. मोडीच्या काट्यावर त्या सालाला किंमत नव्हती. पुढे त्याच सालावर भाव ठरू लागला.

दुसरा मोठा ओघ इमारतींचा. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले आणि चाळी खंगत गेल्या. पुण्यात 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे एका दिवसात जमीनदोस्त केले, उरलेले पुढच्या काही दशकांत बिल्डरांकडे गेले. वाडा पाडायचा तर अनेकदा पाडकामाचा ठेकेदारच मालकाला पैसे देतो, कारण आतले सागवान, शिसवी खांब, दारे-चौकटी, कौले, गज हे सगळे त्याचे होते. मुंबईच्या चाळींमधले ब्रह्मदेशी सागवान असेच ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापर्यंत पोचले. तुळईतला प्रत्येक खिळा आधी उपसावा लागतो, कारण आत राहिलेला एक खिळा करवतीचे पाते घालवतो. हे कष्टाचे आणि कसबाचे काम आहे. जुन्या लाकडाचे कौतुक करणाऱ्या लेखांत या माणसांचा उल्लेख फार क्वचित येतो, याची खंत वाटते.

तिसरा ओघ मुंबईच्या कापड गिरण्यांचा. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातून अनेक गिरण्या सावरल्याच नाहीत. 1991 च्या विकास नियमावलीने आणि 2001 मधल्या तिच्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होण्याची वाट करून दिली. यंत्रे भंगारात गेली. धोटे, बॉबिनी, ओतीव लोखंडाचे खांब, खात्यांच्या पाट्या मागे राहिल्या. आज त्या बॉबिनी मेणबत्तीचे स्टँड म्हणून हॉटेलांत दिसतात. ज्यांचे हात त्यांवर चालले, त्यांच्या देण्यांचे आणि घरांचे प्रश्न मात्र वर्षानुवर्षे चालू राहिले.

या सगळ्यावर ज्या एका निर्णयाची सावली पडली, तो म्हणजे 1972 चा पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायदा. तो 5 एप्रिल 1976 पासून लागू झाला. त्याआधी 1947 चा निर्यातबंदीचा कायदा होता, पण देशातल्या देशात खरेदी-विक्री मोकळी होती. त्याच सुमारास, 1971 च्या अखेरीस, संस्थानिकांचे तनखे बंद झाले होते आणि मोठ्या घराण्यांना वस्तू विकायला काढण्याचे आणखी एक कारण मिळाले होते. देवळांतल्या मूर्ती चोरून परदेशी पाठवणाऱ्या टोळ्यांना आवर घालणे गरजेचेच होते, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो रेषेबद्दल.

कायदा म्हणतो, शंभर वर्षांपासून अस्तित्वात असलेली कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा सौंदर्यदृष्ट्या मोल असलेले हस्तलिखित वा दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षे पुरेत. तिचा व्यापार करायचा तर परवाना हवा. मूर्ती, चित्रे, कोरीव लाकूडकाम अशा ठरावीक प्रकारांची नोंदणीही हवी. खासगी माणसाने निर्यात केली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे तुरुंगवास.

ही रेषा एका सालाला खिळवलेली नाही, ती दरवर्षी पुढे सरकते. कायदा लागू झाला तेव्हा ती 1876 वर होती. आज ती 1920 च्या दशकात आली आहे. म्हणजे दुकानदाराने विकत घेतली तेव्हा जी साधी जुनी वस्तू होती, ती फळीवर पडल्या-पडल्या पुरावस्तू होते. 1894 साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मांच्या छापखान्यातली देवदेवतांची रंगीत चित्रे घ्या. चित्रातल्या साडीवर जरी-टिकल्या चिकटवून लोकांनी ती देवघरात लावली, नंतर माळ्यावर टाकली आणि शेवटी चौकटीच्या भावात विकली. त्यांतली पहिली चित्रे 1990 च्या दशकात शंभरी ओलांडून गेली. छापील प्रत ही कलाकृती मानायची की नाही, यावर दोन जाणकार दोन उत्तरे देतात.

दस्तऐवजांचे याहून अवघड. वाडा पाडताना रुमालात बांधलेली मोडी लिपीतली दप्तरे निघतात. पंचाहत्तर वर्षांची रेषा आता 1950 च्या आसपास असल्याने त्यातला बहुतेक कागद वयाच्या अटीत बसतो. पण त्याला ऐतिहासिक मोल आहे का, हे वाचल्याशिवाय कळत नाही आणि मोडी वाचणारे थोडे. रद्दीवाला ते काट्यावर घालतो तेव्हा तो पुरावस्तूंचा व्यापारी ठरतो का? प्रामाणिक रद्दीवाल्याला या भीतीने गप्प बसावेसे वाटते आणि दप्तर लगद्यात जाते. कायद्याने जे वाचवायचे तेच असे नष्ट होते, ही या निर्णयाची सर्वांत मोठी चूक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्याला वस्तू सापडली त्याचे काय, याचा विचार उलट 1878 च्या निखात निधी, म्हणजे पुरलेल्या धनाच्या, कायद्यात जास्त होता. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. हक्क सांगणारा कुणी नसेल आणि मालकाशी वेगळा करार नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारला तो हवा असेल तर त्यातल्या धातूच्या वा मूळ द्रव्याच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मोजायचे. हे कागदावर होते. प्रत्यक्षात 1976 मध्ये तमिळनाडूतल्या पत्तूर गावी एका मजुराच्या फावड्याला नटराजाची मूर्ती लागली आणि त्याने ती काहीशे रुपयांना विकून टाकली. मूर्ती लंडनला पोचली, तिथे खटला चालला आणि 1991 मध्ये ती भारतात परत आली. 1972 च्या कायद्याचे समर्थक हे उदाहरण देतात, ते बरोबरही आहे. पण कळवल्यास आपल्याला काही मिळेल असा विश्वास त्या मजुराला वाटला असता, तर मूर्ती गावाबाहेर तरी गेली असती का, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

बाजाराने आपल्या परीने मार्ग काढला. शंभरीच्या आतल्या मालाकडे दुकाने वळली: ग्रामोफोन, घड्याळे, एनॅमलच्या जाहिराती, सिनेमाची पोस्टरे. त्याबरोबर नकलाही वाढल्या. जुने यंत्र, नवी पेटी आणि चकचकीत पितळी कर्णा जोडून केलेले ग्रामोफोन पर्यटकांना सर्रास विकले जातात. जुन्या वस्तूला कायद्याची भीती, नव्या नकलेला कसलीच नाही. सच्च्या दुकानदारावर हा अन्यायच झाला. 1972 च्या कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या 2017 च्या मसुद्यात देशांतर्गत विक्रीचा परवाना काढून टाकण्याची सूचना होती, पण तो मसुदा कायदा झाला नाही.

त्याच वर्षी, 1 जुलैला, जीएसटी आला. जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवरच्या कराची वजावट घेतली नसेल, तर कर पूर्ण किमतीवर न लागता खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. सवलत योग्य आहे. मात्र फरक दाखवायला खरेदीची किंमत दाखवावी लागते, आणि माल येतो फेरीवाल्याकडून, बोहारणीकडून, माळा रिकामा करणाऱ्या आजींकडून. शिवाय वस्तूचे स्वरूप बदलले तर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे वाड्याची तुळई तुळई म्हणून विकली तर कर फरकावर, तिचे टेबल केले तर पूर्ण किमतीवर. आता मोबाइलवर फोटो टाकून थेट घरातून विकणारे वाढले आहेत. चोरबाजाराला लागून असलेल्या भेंडीबाजारात 2009 पासून समूह पुनर्विकास चालू आहे. तरीही चोरबाजारात शुक्रवारी, दुकाने बंद असताना, उजाडण्यापूर्वी फूटपाथवर चादरी पसरल्या जातात. दुकानदार बॅटरी घेऊन तिथेच फिरतात आणि आठवडाभराचा माल रोख पैशांत, पावतीशिवाय उचलतात.